बत्तीस, मूळ स्थितीत

नाण्यावर तोंड उघडू नये, हा नाणेसंग्राहक मंडळाचा पहिला नियम भिंगकाकांनी केला होता आणि तो पहिल्यांदा मोडलाही त्यांनीच. मोडला तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द होता, तोही स्तुतीचा. स्तुतीची सवय नसली की असे होते.

काका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत. लोकांच्या चेपलेल्या गाड्या आणि भिजलेले सोफे पाहून "हे आधीपासूनच असं होतं" असे म्हणण्याचा त्यांना पगार मिळे. संध्याकाळी ते जुनी स्मारक नाणी पाहत. कुठल्याशा धरणाचे, कुठल्याशा परिषदेचे, कोणालाच न आठवणाऱ्या कुठल्याशा शताब्दीचे नाणे. ते किती जुने आहे याचे त्यांना कौतुक नसे. "म्हातारं कोणीही होतं," ते म्हणत, "तसंच्या तसं राहून दाखवा." मग भिंग डोळ्याला लावून ते सत्तरपैकी गुण देत. सत्तर म्हणजे टाकसाळीतून आत्ता बाहेर पडल्यासारखे. सत्तर त्यांनी आजवर कोणाला दिले नव्हते, आणि ही सवय नाण्यांपुरती राहिली नव्हती. बाजारातले टोमॅटो, शेजाऱ्यांचा रंगवलेला दरवाजा, शेजाऱ्यांचाच नवा जावई ("अठ्ठावन्न. कडेला झीज आहे.") असे सगळे त्या भिंगाखालून जात.

"आणि मला किती दिले होते हो, लग्न ठरवताना?" काकूंनी एकदा विचारले होते.

"तुला मी भिंगातून पाहिलंच नव्हतं."

"म्हणून तर ठरलं."

काकांना स्वतःच्या एकाच गोष्टीचा अभिमान होता, तो म्हणजे दात. बत्तीसच्या बत्तीस, मूळ स्थितीत. ना सिमेंट, ना कॅप, ना कुठल्या दंतवैद्याचा हात लागलेला. पाहुणे आले की ते अक्रोड दातांनी फोडून दाखवत. पाहुणे लवकर जात.

तर त्या रविवारी मंडळाची वार्षिक स्पर्धा होती आणि काका परीक्षक होते. शेवटचे नाणे दंतवैद्यांचे. डॉक्टर मंडळाचे जुने सभासद, पण त्यांनी आजवर स्पर्धेत काही ठेवले नव्हते. अध्यक्षांनी फारच आग्रह केला म्हणून यंदा नाइलाजाने एक नाणे आणले होते. एका पुलाच्या शताब्दीनिमित्त निघालेले चांदीचे नाणे. तेही संग्राहकांसाठी खास चकचकीत साच्यातून काढलेले, ज्याला 'प्रूफ' म्हणतात तसले. पूल दुधाळ आणि त्याच्यावरचे आकाश आरशासारखे.

अध्यक्ष हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या दोन्ही कवळ्या डॉक्टरांनीच बसवलेल्या होत्या. ते बोलू लागले की वरची कवळी खालचीला टाळी देई, त्यामुळे त्यांचे प्रत्येक भाषण टाळ्यांच्या कडकडाटात होई. "काका, आधी चहा घ्या, मग बघा," ते म्हणाले. काकांनी तोंडावरची कापडी पट्टी हनुवटीवर ओढली, चहा घेतला, आणि पट्टी वर घ्यायची विसरून नाणे डबीतून काढले.

कडेने धरलेले ते नाणे मखमलीवर कलते करून ते पाहू लागले. पुलाची कमान न् कमान शाबूत. आकाशावर रेघ नाही. प्रकाश पडला की तो नाण्यावर थांबतच नव्हता, नुसता घसरत होता. काकांनी भिंग आणखी जवळ नेले.

"कसं आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"अप्रतिम!" काका म्हणाले.

शब्दातला 'प्र' जरा जोरात निघाला. भिंगातून त्यांना स्पष्ट दिसले: तिसऱ्या कमानीच्या वर, आरशासारख्या आकाशात, एक थेंब. दवाचा असता तर कविता झाली असती.

हा थेंब म्हणजे काय, हे त्या खोलीत काकांइतके कोणालाच माहीत नव्हते. याच थेंबावर त्यांनी काही वर्षांपूर्वी मंडळात व्याख्यान दिले होते. लाळेचा कण चांदीवर पडतो तेव्हा काहीच दिसत नाही. तो वाळतो. काही आठवडे गप्प बसतो. मग पिवळट होतो, मग तपकिरी, मग काळा, आणि काळा झाला की नाणे वितळवल्याशिवाय जात नाही. पुसायला जावे तर चांदीवर केसासारखे ओरखडे उठतात. उपाय एकच: ताबडतोब द्रावणात धुणे. पण त्यासाठी आधी चारचौघांत सांगावे लागते की आपण थुंकलो.

काकांनी नाणे डबीत ठेवले आणि डबी फार घाईने बंद केली. मग मंडळाच्या प्रथेप्रमाणे उभे राहून निकाल सांगितला. "धुतलेलं नाही. घासलेलं नाही. कुठलाही लेप नाही. मूळ तेज. सत्तरपैकी एकोणसत्तर."

एकोणसत्तर! खोलीत गलका झाला. डॉक्टरांच्या कपाळावर दरदरून घाम आला आणि ते दोन ग्लास पाणी प्यायले. स्पर्धेतला पहिलाच कप, माणूस भारावणारच, असे सगळे म्हणाले.

"हे नाणं आता महासंमेलनाला जाणार!" अध्यक्षांनी जाहीर केले. "दोन महिन्यांनी. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात म्हणे. बघू देत! निकाल आपल्या काकांचा आहे. मंडळाचं नाक आहे ते!"

कवळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मनातल्या मनात आठवडे मोजले. दोन महिने म्हणजे तपकिरी आणि काळा यांच्या साधारण मधोमध.

घरी आले तेव्हा काकू गालावर हात धरून बसल्या होत्या.

"अहो, दाढ फार ठणकतेय. त्या तुमच्या मंडळातल्या डॉक्टरांकडे जरा वेळ घ्या ना माझ्यासाठी."

"काळा पडेल का गं तो?"

"दाढ काळी झालेलीच आहे. वेळ घ्या."

काकांना एकदम उजाडले. नाणे डॉक्टरांच्या दवाखान्यातच असणार. डॉक्टरांनी अभिमानाने सांगितले होते की आतल्या खोलीत, रोग्याच्या खुर्चीसमोर, काचेचे कपाट केले आहे. माणसाला कळा येत असताना बघायला काहीतरी चांगले असावे. ठिपका उगवतोय का, हे कळायला हवे होते. पिवळा असतानाच दिसला तर काही करता येईल. काय करता येईल हे काकांना माहीत नव्हते, पण आधी दिसायला हवा होता.

त्यांनी वेळ घेतली. स्वतःसाठी.

"तुमचा?" काउंटरवरच्या बाई त्यांच्या दातांकडे पाहत म्हणाल्या. त्या डॉक्टरांच्या मोठ्या बहीण होत्या आणि मंडळातल्या अक्रोडांच्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचलेल्या होत्या. "तुमचा दात दुखतोय?"

"कालपासून."

"जगबुडी आली वाटतं."

आत डॉक्टर हात धूत होते. काकांना पाहताच त्यांच्या हातातून साबण निसटला.

"काका! तुम्ही? नाण्याबद्दल काही...?"

"छे छे! दात दुखतोय."

"कुठला?"

काकांनी जीभ फिरवली आणि जो पहिला लागला तो दाखवला. खुर्ची मागे कलली. समोर कपाट होते, कपाटात दिवा होता आणि दिव्याखाली ते नाणे. एवढ्या लांबून ते नुसते चमचमत होते. काका मान उंचावून एकटक पाहू लागले. डॉक्टरांनी त्यांच्या नजरेचा माग काढला, कपाटाकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि घाईघाईने त्यांच्या तोंडात कापसाचे चार बोळे कोंबले.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "कीड आहे. थोडी."

काकांना धक्काच बसला. ते न दुखणारा दात घेऊन आले होते आणि त्यातही कीड निघाली होती! म्हणजे आजवर बत्तीसच्या बत्तीस म्हणत होतो ते...? "आआ आं?" त्यांनी विचारले.

"हो, भरावा लागेल."

यंत्र सुरू झाले. लाळ ओढणारी नळी ओठाच्या कोपऱ्यात घुरघुरू लागली. ही नळी त्या रविवारी कुठे होती, असे काकांच्या मनात आले.

पैसे देऊ लागले तर डॉक्टरांनी हात जोडले. "तुमच्याकडून? नाही हो. तुम्ही मला एकोणसत्तर दिलेत." त्यांचा आवाज कापत होता. एवढा देवमाणूस, आणि आपण त्याच्या नाण्यावर... काका घरी आले ते अधिकच खचून.

"मिळाली वेळ?" काकूंनी विचारले.

"उँ," काका म्हणाले. अर्धे तोंड अजून बधिर होते.

"हे काय? तुमचाच भरून आलात? अहो, तुमचा कधी दुखला?"

"अचाअक."

काकूंनी लवंग गालात धरली आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात. काकांच्या मनातले चांदणे अगदी चांदीचे होते.

पुढच्या आठवड्यात काका खिशात दुर्बीण घालून गेले. पक्षी पाहायला वापरतात तसली छोटी. बेत असा की डॉक्टर औजारे घ्यायला वळले की दुर्बीण डोळ्याला लावायची. पण डॉक्टरांनी कपाट आता खोलीच्या दुसऱ्या बाजूला नेले होते. "या बाजूला ओल येते," ते काकांच्या नजरेला नजर न देता म्हणाले. शिवाय खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी काकांना काळा चष्मा चढवला.

"हा कशाला?"

"दिव्याचा त्रास होतो डोळ्यांना."

"मागच्या वेळी झाला नव्हता."

"आज होईल," डॉक्टर म्हणाले आणि बोळे घातले.

डॉक्टर वळताच काकांनी चष्म्यावरूनच दुर्बीण लावली. नाणे अंधारात तरंगत समोर आले. पूल दिसला. कमानी दिसल्या. आणि तिसऱ्या कमानीवर... एक ठिपका! गडद, गोल, राईएवढा. काकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर बसलेले दोन रोगी उठून घरी गेले.

"दुखलं?" डॉक्टर धावत आले. दुर्बीण काकांनी मांडीखाली सरकवली होती.

"आआआ!"

"अजून एक सुई देतो."

काका ठिपक्याचा आकार मनात मोजत पडून राहिले. इतक्या लवकर काळा? लाळ चहाची होती म्हणून? बऱ्याच वेळाने, डॉक्टर पाण्याचा ग्लास आणायला गेले तेव्हा, त्यांनी जिन्याच्या दरवाजाकडे पाहिले. तिसऱ्या कमानीवरचा ठिपका दरवाजावरही होता. मग तो छतावर गेला. मग डॉक्टरांच्या नाकावर आला. काकांनी चष्मा काढून पाहिला: डाव्या काचेवर सिमेंटचा वाळलेला थेंब होता.

सुटका झाली, पण कळले काहीच नाही. आणि दुसरा दात भरून झाला होता.

तिसऱ्या खेपेला त्यांनी खरे सांगून पाहायचे ठरवले. खरे म्हणजे अर्धे. "डॉक्टर," ते दारातूनच म्हणाले, "ते नाणं जरा हातात घेऊन..."

"आधी दात!" डॉक्टर जवळजवळ ओरडले. "कुठला?"

दवाखान्यात आलेला माणूस 'कुठलाच नाही' म्हणू शकत नाही. काकांनी भरलेल्या दोन दातांच्या मधला दाखवला. तो खरोखर थोडा थोडा दुखत होता. शेजाऱ्यांकडे एवढी खोदकामे चालू असल्यावर कोणाचेही डोके दुखेल. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो उजेडात धरला आणि खिन्नपणे म्हणाले, "याचं मात्र रूट कॅनालच."

रूट कॅनालला बऱ्याच फेऱ्या लागतात. काका चांगला शर्ट घालून जात, बधिर होऊन येत, आणि नाणे दर वेळी थोडे लांब गेलेले असे. एकदा तर कपाटावर पडदा होता. घरी ते गप्प गप्प असत. टोमॅटोंना गुण देणे बंद झाले होते. अक्रोडांची बरणी फडताळाच्या मागे गेली होती.

"मी विचारू का एक?" काकू एके दिवशी म्हणाल्या. त्यांचा गाल आता दुसऱ्या गालाच्या दीडपट झाला होता. "माझी दाढ दुखतेय, आणि दवाखान्यात तुम्ही जाताय. हे कुठलं शास्त्र?"

"माझं रूट कॅनाल..."

"उद्याची तुमची वेळ मी घेतलीय. मी जाणार. तुम्ही घरी बसा आणि आ करून दाखवा आरशाला."

काकू गेल्या. काका घरात येरझारा घालू लागले. मध्येच आरशासमोर उभे राहिले आणि खरोखरच आ केला. खालची डावी बाजू पाहून त्यांनी तोंड मिटले. दुसऱ्या कोणाचे तोंड असते तर त्यांनी त्याला पन्नासच्या वर दिले नसते.

काकू आल्या त्या प्रसन्न होऊन. "काय हलका हात आहे हो त्यांचा! पण माणूस जरा विचित्र आहे. मला विचारतो, काका घरी नाण्याबद्दल काही बोलतात का?"

काका येरझारा घालायचे थांबले. "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, जागेपणी नाही बोलत. पण झोपेत रोज म्हणतात: लपणार नाही, एक दिवस सगळ्यांना दिसेल."

"असं म्हणालीस?"

"तुम्ही म्हणता ते सांगितलं. तर त्यांच्या हातातून चिमटाच पडला. मग मलाच म्हणाले, वहिनी, काकांना सांगा, माझी मुलंबाळं आहेत."

काका मटकन खाली बसले. म्हणजे डॉक्टरांना कळले होते. ठिपका उगवला होता, डॉक्टरांनी तो पाहिला होता, म्हणून कपाट हलले, म्हणून पडदा आला. बिचारा संकोचाने बोलत नव्हता. वर फुकट दात भरत होता. असल्या माणसासमोर आपण आ वासून खोटे बोललो.

"काय केलंत तुम्ही?" काकूंनी विचारले.

काकांनी सांगितले. काकू शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढ्यासाठी तीन दात घालवलेत?"

"एवढ्यासाठी? अगं, प्रूफ नाणं आहे ते!"

"आणि मला वाटत होतं, चांगला शर्ट घालून त्या काउंटरवरच्या बाईंना भेटायला जाता. जा, उठा. सांगून टाका. आणि कापूस घालायच्या आत सांगा."

डॉक्टरांच्या खोलीत शिरताना काकांनी तोंडावर हात धरला होता. खुर्चीत बसले नाहीत. डॉक्टर बोळे घेऊन पुढे आले तसे ते मागे सरकले. असे ते दोघे खुर्चीभोवती एक फेरी फिरले.

"डॉक्टर, आज दात नाही!"

"काका, आधी बसा तरी..."

"मी थुंकलो!"

डॉक्टर थबकले. त्यांनी जमिनीकडे पाहिले. "कुठे?"

"नाण्यावर. निकालाच्या दिवशी. अप्रतिम म्हणताना. तिसऱ्या कमानीवर. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता काय, काळा झाला असेल. संमेलनात दिसेल. मी अध्यक्षांना सांगतो, निकाल मागे घेतो, परीक्षकपद सोडतो. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत आणि मी..."

डॉक्टर आपल्या फिरत्या स्टुलावर बसले. स्टूल त्यांना घेऊन अर्धे फिरले, त्यामुळे पुढचे वाक्य ते भिंतीला म्हणाले. "त्याला काही होणार नाही."

"म्हणजे?"

"थुंकीने काही होणार नाही त्याला."

"डॉक्टर, मी व्याख्यान दिलंय त्याच्यावर."

"मी होतो त्या व्याख्यानाला," डॉक्टर भिंतीला म्हणाले. "पहिल्या रांगेत. तुम्ही त्या काळ्या पडलेल्या नाण्यांची चित्रं दाखवलीत. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. मी दिवसभर लोकांच्या तोंडात असतो, काका. माझ्या आजूबाजूला दुसरं काय उडत असतं? म्हणून मग मी त्याला... लेप लावला."

खोलीत नळी घुरघुरत होती. डॉक्टरांनी ती बंद केली.

"कसला लेप?"

"दातांना लावतो तोच. पातळ, पारदर्शक. कीड लागू नये म्हणून."

काका हळूच खुर्चीत बसले. खुर्ची सवयीने मागे कलली. छताकडे पाहत त्यांनी स्वतःचा आवाज आठवला: धुतलेले नाही, घासलेले नाही, कुठलाही लेप नाही. त्यांचा तो थेंब नाण्याला शिवलाच नव्हता. तो पडला होता दंतवैद्याच्या लेपावर, ज्याला ते मूळ तेज म्हणाले होते. ज्यावरून प्रकाश घसरत होता. जे पाहून त्यांच्या तोंडून 'अप्रतिम' निघाले होते.

"मला वाटलं, तुम्हाला निकाल दिल्यावर कळलं," डॉक्टर सांगत होते. "संशय आला म्हणून तुम्ही दात दुखतोय म्हणून येताय. आल्यापासून एकटक नाण्याकडेच बघत होतात. मला वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. म्हणून मी..."

"बोळे घातलेत."

"तोंड बंद राहावं म्हणून उघडं ठेवलं."

काकांनी जीभ फिरवली. "डॉक्टर, तो पहिला दात. त्यात कीड होती?"

डॉक्टरांनी नळी जागेवर अडकवली. "तुम्ही म्हणालात दुखतोय."

"होती का?"

"एवढा बारकाईने बघणारा माणूस दुखतोय म्हणतोय, तर मी कोण नाही म्हणणार? म्हटलं, असेल. वरवरच भरला हो. दुसराही वरवरच. तिसरा मात्र... तिसऱ्याच्या वेळी तुम्ही नाणं हातात मागितलंत. माझा हात हलला."

काकांना रागवायचे होते. पण रागवायला अधिकार लागतो, आणि त्यांचा अधिकार त्या लेपावर घसरून केव्हाच खाली पडला होता. लेपाचे नाणे स्पर्धेत बाद, म्हणजे डॉक्टरांनी बोलावे तर कप जाणार. काकांनी बोलावे तर भिंग जाणार. दोघांनी गप्प बसावे तर संमेलनातला सूक्ष्मदर्शक बोलणार.

"असिटोन," काका अचानक उठून म्हणाले. "शुद्ध. माझ्याकडे आहे. लेप विरघळतो, चांदीला धक्का लागत नाही. पुसायचं नाही, नुसतं बुडवायचं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली. ती खोटी नव्हती. आत दोघांनी तोंडाला पट्ट्या बांधल्या, एकावर एक दोन. काकांनी नाणे कडेने धरून काचेच्या भांड्यात सोडले. दोघे भांड्यावर ओणवे झाले. एक जण नुकसानीचे दावे तपासणारा, दुसरा नुकसान करून आलेला, किंवा उलटही म्हणता येईल. कोणी बोलत नव्हते. हळूहळू नाण्यावरून काहीतरी निघाले, पाण्यात साय हलावी तसे, आणि तिसऱ्या कमानीवरचा तो थेंबही त्याच्याबरोबर गेला.

नाणे वाळले. काकांनी भिंग लावले. बराच वेळ पाहिले. लेपाखाली इतकी वर्षे हवाही न लागलेली चांदी स्वच्छ होती. चकाकी थोडी कमी, पण स्वतःची.

"अडुसष्ट," ते पट्टीच्या आतून म्हणाले.

"एक गुण कमी?"

"तो तुमच्या लेपाचा होता."

महासंमेलनाच्या आधी मंडळाने निरोपाचा कार्यक्रम ठेवला. नाण्यासाठी. काका आणि डॉक्टर पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते. इतक्या दिवसांत काका पहिल्यांदाच नीट जेवले होते, उजव्या बाजूने. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. मंडळाचे नाक, काकांची नजर, डॉक्टरांची निष्ठा असे करत करत त्यांनी ती डबी हातात घेतली, आणि कोणाला काही कळायच्या आत उघडली.

"अध्यक्ष, पट्टी!" काका म्हणाले.

"काय सांगू मंडळी," अध्यक्ष नाणे तोंडासमोर धरून म्हणाले, "अप्रतिम!"

वरच्या कवळीने खालचीला टाळी दिली. अध्यक्षांचे शब्द तिथेच थांबले. त्यांनी नाण्याकडे जरा वाकून पाहिले, सभेकडे पाहिले, आणि डबी फार घाईने बंद केली. तशी घाई काकांनी लगेच ओळखली. डॉक्टरांनीही ओळखली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. कार्यक्रम संपताच ते डबी घेऊन थेट दवाखान्यात गेले, पट्ट्या बांधल्या, आणि नाणे पुन्हा एकदा काचेच्या भांड्यात सोडले. वेळेवर धुतले तर काहीच राहत नाही, हे व्याख्यानातही होते.

"अध्यक्षांना कळवायला हवं," काका नाणे कपाटात ठेवताना म्हणाले. "जिवाला घोर लागला असेल त्यांच्या."

"हवंच," डॉक्टर म्हणाले.

सकाळी काका खुर्चीत होते. तिसऱ्या दातावर आज कॅप बसायची होती. मूळ स्थितीत नाही, दुरुस्ती केलेली, स्पर्धेसाठी अपात्र. स्वतःच्या तोंडाचा हा निकाल त्यांनी आता स्वीकारला होता. एवढ्यात बाहेर काउंटरवरच्या बाईंचा आवाज चढला. "अहो, पण तुम्हाला कसा...?" दार उघडले आणि अध्यक्ष आत आले. रात्रभर झोप नसावी. एक हात गालावर होता. नजर मात्र खुर्चीच्या पलीकडे, कपाटातल्या दिव्याखाली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "दात फार दुखतोय हो."

डॉक्टरांनी काकांकडे पाहिले. काकांनी क्षणभर विचार केला. सांगायचे तर आत्ताच सांगायला हवे होते. मग त्यांनी जिभेने आपला पहिला दात चाचपला, दुसरा चाचपला, आणि अदबीने उठून खुर्ची रिकामी केली.

"बसा ना, अध्यक्ष," डॉक्टर कापसाचे बोळे उचलत म्हणाले. "कुठला?"